अंगणातली पायपेटी: नेब्रास्कातल्या जुन्या फोटोंमधलं रोजचं जगणं कसं वाचायचं

फोटो साधाच आहे. उघडं माळरान, मागे क्षितिजापर्यंत एकही झाड नाही, आणि अंगणात चांगल्या कपड्यांत उभं असलेलं एक कुटुंब. मधोमध एक पायपेटी. भाता पायाने मारायचा, नक्षीदार लाकडी पाठ असलेला मोठा ऑर्गन. इतकं जड वाद्य घरातून उचलून गुराढोरांच्या आवारात आणायचं कारण काय? या फोटोबद्दल सांगितलं जातं ते असं: घरच्या बाईला आपलं मातीचं घर फोटोत यायला नको होतं. फोटो पूर्वेकडच्या नातेवाइकांना पाठवायचा होता. घर दिसू नये, पण घरात पायपेटी आहे हे मात्र दिसावं, अशी तिची इच्छा होती. म्हणून पायपेटी बाहेर काढली, फोटो घेतला आणि पुन्हा आत नेऊन ठेवली.

हा फोटो अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातल्या कस्टर काउंटीचा, 1880च्या दशकातला. काढणाऱ्याचं नाव सॉलोमन डेव्हो बुचर. अमेरिकन ग्रामीण आयुष्याचे जुने फोटो आपण इंटरनेटवर सतत पाहतो आणि खाली लिहिलेलं असतं, ‘त्या काळचं रोजचं जगणं’. पण रोज कोणी पायपेटी अंगणात आणत नाही. मग या फोटोंना रोजच्या जगण्याचा पुरावा मानायचं की नाही? माझ्या मते मानायचं, आणि पूर्ण विश्वासाने मानायचं. फक्त त्यात दोन प्रकारच्या गोष्टी आहेत, हे ओळखून. एक, कुटुंबाने मुद्दाम मांडलेल्या. दुसऱ्या, कोणाच्या लक्षात न येता कॅमेऱ्यातल्या काचेवर उतरलेल्या. या दोन्ही वेगवेगळ्या वाचता आल्या की हे फोटो खूप काही सांगू लागतात.

आधी जागा समजून घेऊ. काउंटी हा अमेरिकेतल्या राज्याखालचा प्रशासकीय विभाग. आपल्याकडच्या तालुका आणि जिल्ह्याच्या मधलं काहीतरी समजा, पण आकाराचा काही नेम नाही. कस्टर काउंटी साधारण 6,670 चौरस किलोमीटरची आहे, म्हणजे सिंधुदुर्ग जिल्ह्याहून मोठी. मुख्य गाव ब्रोकन बो. काउंटीची स्थापना 1877 ची, आणि नाव जनरल जॉर्ज कस्टर याचं. आदल्याच वर्षी लिटल बिगहॉर्नच्या लढाईत तो लकोटा आणि शायेन या मूळनिवासी जमातींच्या योद्ध्यांकडून मारला गेला होता. लोकसंख्येचे आकडे पाहिले की तिथे काय उलथापालथ झाली ते कळतं. 1880 च्या जनगणनेत इथे 2,211 माणसं होती. 1890 मध्ये 21,677. दहा वर्षांत जवळजवळ दहापट.

ही माणसं आली 1862 च्या होमस्टेड कायद्यामुळे. सरकारी जमिनीतल्या 160 एकरांवर दावा सांगायचा, तिथे राहायचं, घर बांधायचं, जमीन कसायची. पाच वर्षं टिकलात तर किरकोळ शुल्कात जमीन तुमची. अट ऐकायला सोपी होती, पण पाऊस बेभरवशाचा आणि हिवाळा जीवघेणा. कितीतरी लोक पाच वर्षं पुरी होण्याआधीच निघून गेले.

त्या निघून गेलेल्यांत खुद्द बुचरही होता. 1880 मध्ये तो वडिलांबरोबर झाकलेल्या गाड्यांतून इलिनॉयहून इथे आला, जमिनीवर दावा सांगितला आणि दोन आठवड्यांतच तो सोडून दिला. शेतीचे कष्ट त्याला झेपले नाहीत. मग मिनेसोटात जाऊन डॉक्टरकी शिकण्याचा प्रयत्न केला, तिथेच लिली हॅमिल्टनशी लग्न केलं आणि 1882 मध्ये परत नेब्रास्कात आला. शाळेत शिकवून पैसे जमवले, कॅमेरा घेतला, मातीच्या भिंतींचा स्टुडिओ बांधला. काउंटीतला तो पहिला फोटो स्टुडिओ. चालला मात्र बेताचाच.

1886 मध्ये त्याच्या डोक्यात एक कल्पना आली आणि तिने त्याला पुढे आयुष्यभर सोडलं नाही. या काउंटीत वस्ती करायला आलेल्या पहिल्या पिढीचा फोटोंसकट इतिहास लिहायचा. प्रत्येक घरी जायचं, फोटो काढायचा, माणसांची कहाणी टिपून घ्यायची. वडिलांनी गाडी दिली आणि तो निघाला. पुढची सुमारे सात वर्षं तो या माळरानावर फिरत राहिला. लोकांच्याच घरी जेवायचं, तिथेच मुक्काम करायचा, नियोजित पुस्तकासाठी थोडी वर्गणी मागायची, फोटोच्या प्रती विकायच्या. एवढ्यावर हे काम चाललं.

या व्यवहाराकडे नीट पाहायला हवं, कारण फोटोंचं सगळं रूप त्यातून ठरलं. कॅमेरा कुठे रोखायचा हे बुचर ठरवत असे, पण फोटोत काय असावं यात घरच्यांचा शब्द मोठा होता. प्रत तेच विकत घेणार होते आणि ती आपल्या माणसांना पाठवणार होते. पन्नास वर्षांनी, 1936 च्या उन्हाळ्यात, वॉकर इव्हान्स या फोटोग्राफरने अलाबामातल्या हेल काउंटीत खंडकरी शेतकऱ्यांचे फोटो काढले. ते जगप्रसिद्ध झाले, आजही गाजतात. पण ते कोणासाठी काढले, कुठे छापले, यावर त्या कुटुंबांचा काही ताबा नव्हता, आणि पुढे त्यांच्यातल्या काहींनी, त्यांच्या मुलानातवंडांनी, त्याबद्दलची नाराजी बोलून दाखवली. बुचरच्या फोटोंतली माणसंही गरीबच आहेत. पण ती आपल्याला कसं दिसायचंय हे स्वतः ठरवून कॅमेऱ्यासमोर उभी आहेत. मला हा फरक फार मोलाचा वाटतो.

आता तंत्राचा भाग, कारण पायपेटी बाहेर येण्याचं अर्धं कारण त्यात आहे. 1880 च्या आधीपर्यंत बहुतेक फोटोग्राफर ओली प्लेट वापरत. काचेवर रसायन ओतायचं, ते ओलं असतानाच फोटो काढायचा आणि लगेच अंधाऱ्या तंबूत तो धुवायचा. त्यानंतर जिलेटिनच्या कोरड्या प्लेटा बाजारात आल्या. तयार काचा पेटीत भरून न्यायच्या आणि धुण्याचं काम नंतर सवडीने करायचं. खराब रस्त्यांवरून घोडागाडीने एकट्याने फिरणाऱ्या माणसाला हे काम शक्य झालं ते या कोरड्या प्लेटांमुळे. पण त्यांना प्रकाश भरपूर लागे. मातीच्या घराला एखाद-दोन खिडक्या, त्याही दोन-तीन फूट जाड भिंतीत खोल बसवलेल्या. आतल्या अंधारात चांगला फोटो निघणं फार कठीण होतं. त्यामुळे जे दाखवायचं ते उन्हात आणावं लागे. टेबल, खुर्च्या, शिवणयंत्र, पिंजऱ्यातला पक्षी, कुंडीतली रोपं, भिंतीवरच्या तसबिरी, सगळं अंगणात. हौस आणि गरज अशा दोन्ही गोष्टींनी मिळून हे संसार बाहेर काढले.

माणसं उन्हातही काही क्षण स्तब्ध उभी राहत. एखाद्या फोटोत घोड्याचं डोकं किंवा लहान मुलाचा चेहरा पुसट दिसतो, कारण तेवढ्यात ते हलले. कोणी हसत नाही म्हणून ही माणसं दुःखी होती असा निष्कर्ष काढण्याची घाई मात्र करू नये. फोटो ही तेव्हा आयुष्यात क्वचित घडणारी, गंभीरपणे घ्यायची गोष्ट होती.

आता ज्या घरामुळे त्या बाईला संकोच वाटत होता, त्या घराकडे येऊ. फोटो वाचण्याची खरी मजा इथे आहे. या माळरानावर इमारती लाकूड नव्हतंच. रेल्वे ब्रोकन बोपर्यंत आली ती 1886 मध्ये. तोवर लाकूड दूरवरून गाडीने आणावं लागे आणि ते नव्या माणसाच्या आवाक्याबाहेर असे. मग पायाखाली होतं तेच वापरलं. तिथल्या रानगवताची मुळं इतकी दाट विणलेली असत की जमिनीचा वरचा थर सलग कापून निघे. खास नांगराने साधारण फूटभर रुंद आणि चार इंच जाड पट्टे कापायचे, त्यांचे तीनेक फुटांचे तुकडे करायचे आणि गवताची बाजू खाली ठेवून विटांसारखे रचायचे. एका लहान घराला अर्ध्या-एक एकरातली माती लागे. विकत आणायचं ते मुख्यतः दार, खिडकीची काच आणि छपराचं थोडं लाकूड. छपरावरही पुन्हा तेच मातीचे तुकडे.

हे माहीत असलं की फोटोतले तपशील आपोआप बोलू लागतात. खिडकीची चौकट भिंतीत किती आत गेली आहे ते पाहा, त्यावरून भिंतीची जाडी कळते. त्या खोल कट्ट्यावर बायका कुंड्या ठेवत. छपरावर वाढलेलं गवत पाहून घराचं वय साधारण जोखता येतं. एखादी भिंत पोटातून फुगलेली दिसली, तिला बाहेरून खांबाचा टेकू दिसला, तर माती बसत चालली आहे असं समजायचं. ही घरं उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात उबदार असत, वणव्यालाही बऱ्यापैकी दाद देत नसत. पण पावसात गळत. बाहेरचा पाऊस थांबला तरी आतला थांबत नसे, आणि छतातून माती, किडे, कधी सापही खाली पडत. म्हणून बायका छताखाली कापड ताणून बांधत. पूर्वेकडे लाकडी घरात वाढलेल्या मुलीला इथे संसार मांडताना काय वाटलं असेल याची कल्पना केली की पायपेटीवाल्या बाईचा हट्ट जराही पोकळ वाटत नाही.

सगळ्यांनाच मातीच्या घराची लाज वाटत होती असं नाही. ब्रोकन बोजवळ बेल्जियमहून आलेल्या एका शेतकऱ्याने चक्क दुमजली मातीचं घर बांधलं होतं, कोपऱ्यांना गोल बुरूज काढून. बुचरने त्याचा फोटो काढला आहे, आणि त्या घराचा रुबाब आजही जाणवतो.

कुटुंबांनी काय मांडलं, याची काही उदाहरणं पाहू. सार्जंट गावाजवळचा 1886 चा एक फोटो प्रसिद्ध आहे. टेबलावर कलिंगड, भोवती कुटुंब आणि मागे जणू घराच्या छपरावर उभी असलेली गाय. घर टेकडीला टेकून बांधलेलं असल्याने गाय छपरावर चढल्यासारखी दिसते. कलिंगड मांडलं ते पिकलं म्हणून, इथे पाणी आहे आणि जमीन फळ देते हे पाहणाऱ्याला कळावं म्हणून. घोडे आणि खेचरं जुंपून रांगेत उभी केलेली दिसतात, कारण नांगराला जुंपायची जनावरं हीच शेतकऱ्याची खरी पुंजी होती. पवनचक्की आणि विहीर शक्यतो फोटोच्या चौकटीत घेतलेली असते. या उंच माळावर कितीतरी ठिकाणी पाणी फार खोल लागे आणि ते मिळेपर्यंत मैलोन्‌मैल पिंपांतून वाहून आणावं लागे.

क्रिसमन भगिनींचा फोटोही 1886 चाच. मातीच्या घरापुढे चार बहिणी, बाजूला खोगीर चढवलेले घोडे. होमस्टेड कायद्याने 21 वर्षांवरच्या अविवाहित स्त्रीला स्वतःच्या नावाने जमीन मागता येत होती. विवाहितेला सहसा येत नसे, कारण कुटुंबप्रमुख नवरा मानला जाई. या बहिणींपैकी पहिलीने 1887 मध्ये दावा दाखल केला, दुसरीने पुढच्या वर्षी, आणि धाकट्यांना वयात येईपर्यंत थांबावं लागलं. म्हणजे या फोटोखाली ‘स्वतःच्या जमिनीवर उभ्या चार बहिणी’ असं वाचलंत तर तारीख आठवा. फोटो पहिल्या दाव्याच्याही आधीचा आहे. दावा सांगितलेल्या जमिनीवर राहण्याची अट पुरी व्हावी म्हणून त्या पुढे पाळीपाळीने एकमेकींच्या घरी मुक्काम करत. चित्रापेक्षा खरी गोष्ट जास्त चिवट आहे.

वेस्टरव्हिल गावाजवळचा 1887 चा शोर्स कुटुंबाचा फोटो मी अनेकदा उघडून पाहतो. हे कृष्णवर्णीय कुटुंब. जेरी शोर्स पूर्वी गुलाम होता. त्याचा भाऊ मोझेस स्पीझ हाही याच काउंटीत स्थायिक झाला, त्याच्याही कुटुंबाचा फोटो बुचरने काढला. सख्ख्या भावांची आडनावं वेगळी, कारण प्रत्येकाला आपापल्या जुन्या मालकाचं नाव चिकटलं होतं. फोटोत मात्र इतर घरांसारखंच सगळं आहे: मातीचं घर, माणसं, जनावरं, कुत्री. कॅमेरा त्यांच्याकडे तितक्याच अंतरावरून, तितक्याच सरळपणे पाहतो. त्या काळात ही गोष्ट लहान नव्हती.

आणखी एका फोटोत एक कुटुंब लहान मुलाच्या कबरीपाशी उभं आहे. डॉक्टर मैलोन्‌मैल दूर असलेल्या प्रदेशात बालमृत्यू घरोघरी होते. फोटो काढायला माणूस आलाय, तो परत येईल न येईल, तेव्हा गेलेलं मूलही कुटुंबाच्या फोटोत असलं पाहिजे, असं त्यांना वाटलं.

बुचर काचेवर हातही चालवत असे, हे सांगायलाच हवं. त्याच्या काही काचांवर खरवडून किंवा रंगवून काढलेले पक्षी, धूर, झाडं दिसतात. कधी ते डाग झाकायला काढलेले, कधी देखावा खुलवायला. काही फोटो तर सरळसरळ नाटक आहेत. 1885 मध्ये वस्तीवाल्यांनी ब्रायटन रँच या गुरं पाळणाऱ्या मोठ्या मळ्याचं कुंपण तोडलं, तो प्रसंग त्याने पुष्कळ वर्षांनी, माणसांना तोंडाला रुमाल बांधायला लावून पुन्हा उभा केला. पुस्तकात इतिहासाचं चित्र हवं आणि घटनेच्या वेळी कॅमेरा नव्हता, मग काय करणार, असा त्याचा साधा हिशेब होता. त्यात फसवणुकीचा हेतू मला दिसत नाही. पण तो फोटो खाली लिहिलेली मूळ ओळ गाळून फिरू लागला की पाहणाऱ्याची फसगत होते. म्हणून जुना फोटो पुढे पाठवताना त्याची तारीख आणि ओळ सोबत ठेवावी, एवढी विनंती.

1890 च्या दशकातल्या दुष्काळांनी काउंटीचं आणि बुचरचंही कंबरडं मोडलं. पुस्तक रेंगाळलं. 1899 मध्ये त्याच्या घराला आग लागली आणि वर्षानुवर्षं जमवलेल्या लेखी कहाण्या जळून गेल्या. काचा दुसरीकडे ठेवलेल्या होत्या, त्या वाचल्या. त्याने पुन्हा लोकांकडून आठवणी मागवल्या. एफ्राइम स्वेन फिंच या पशुपालकाने छपाईचा खर्च उचलला आणि 1901 मध्ये कस्टर काउंटीचा इतिहास अखेर प्रसिद्ध झाला. पुढे त्याने काचांचा संग्रह नेब्रास्काच्या राज्य इतिहास संस्थेला विकला, ठरल्यापेक्षा कमी पैशांत, आणि फोटोंखालच्या ओळी लिहायला काही काळ तिथे मदतही केली. स्वतःचं औषध विकणं, जमिनीतलं तेल शोधायचं यंत्र असे उद्योग करत करत 1927 मध्ये तो कोलोरॅडोत वारला. आपण आयुष्यात काही मिळवलं नाही, अशीच त्याची समजूत होती.

त्या संग्रहात 3,000 च्या आसपास काचा आहेत, काही शेजारच्या काउंटींच्याही. 1990 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या प्रकल्पात त्या स्कॅन झाल्या, आणि इथे एक विलक्षण गोष्ट पुढे आली. कागदावरच्या प्रतींमध्ये घराचं उघडं दार म्हणजे नुसता काळा चौकोन. पण काचेच्या निगेटिव्हमध्ये अंधाराचा भाग पातळ असला तरी रिकामा नसतो. छपाईच्या कागदाला उजेडाच्या आणि अंधाराच्या छटा एकाच वेळी पकडता येत नाहीत, काच मात्र त्या धरून ठेवते. स्कॅन केलेल्या चित्रात फक्त तो काळा भाग उजळवला, तेव्हा काही दारांतून घराचं आतलं दिसू लागलं. सामान, भांडी, भिंतीलगतच्या वस्तू. शंभर वर्षं त्या काचेत होत्या, पण कोणी पाहिल्या नव्हत्या. अंगणात सगळं मांडून ठेवणाऱ्या घरच्यांनी दाराआडचं हे जग काही दाखवायला काढलेलं नव्हतं. मांडलेलं आणि नकळत उतरलेलं, असे दोन भाग मी वर केले, त्यातल्या दुसऱ्याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

काचेवर कधीच न आलेलं जे आहे, त्याचाही हिशेब ठेवायला हवा. मध्य नेब्रास्काचा हा मुलूख पॉनी या मूळनिवासी लोकांच्या वावराचा आणि शिकारीचा होता. 1857 च्या तहात त्यांची बहुतेक जमीन गेली, उरली लूप नदीकाठची एक राखीव पट्टी. 1870 च्या दशकाच्या मध्यावर तिथूनही त्यांना आताच्या ओक्लाहोमात जावं लागलं. बुचर गाडी घेऊन निघाला त्याच्या जेमतेम दहा-बारा वर्षं आधीची ही गोष्ट. त्याच्या फोटोंतलं मोकळं माळरान आधीपासून मोकळं नव्हतं, ते मोकळं केलेलं होतं. तसंच, ज्यांचा पहिल्याच हिवाळ्यात धीर सुटला आणि जे गाडी वळवून परत गेले, तेही इथे नाहीत. त्याने टिपलेली घरं म्हणजे तो पोहोचेपर्यंत तग धरून राहिलेली घरं. त्यांच्यातलीही अनेक पुढच्या दुष्काळात रिकामी झाली. 2020 च्या जनगणनेत कस्टर काउंटीत 10,545 माणसं उरली होती, 1890 च्या निम्म्याहूनही कमी.